चटक चांदणीचा माग

सिंदीच्या नावापुढे कंसात 'रेल्वे' लिहावं लागतं, कारण वर्धा शहराला लागून दुसरी सिंदी आहे, सिंदी (मेघे). पत्र कुठल्या सिंदीला जायचं ते कंस ठरवतो. नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की बुटीबोरी, बोरखेडी आणि मग आम्ही. आमच्यानंतर तुळजापूर. या रुळांवरून इथल्या कापसाच्या गाठी गेल्या, सरकी गेली, ढेप गेली. ज्या वाटेनं माल जातो त्याच वाटेनं न मागवलेलंही काही येतं. पावसाळ्यात रुळांच्या कडेला, खडीच्या उतारावर पांढऱ्या ठिपक्यांचं जे रान माजतं ते त्यातलंच. कुणी त्याला काँग्रेस म्हणतं, कुणी गाजर गवत, कुणी पांढरफुली. शास्त्रातलं नाव पार्थेनियम. मला मात्र 'चटक चांदणी' हे नाव आवडतं. इतक्या खाष्ट झाडाला इतकं लाडिक नाव कुणी ठेवलं असेल, देव जाणे.

या चांदणीच्या मागावर एक सरकारी संस्था गेली साडेतीन दशकं आहे. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं. तिची वाटचाल सिंदीतल्या माणसानं का लिहावी? दोन कारणं आहेत. एक म्हणजे तिचं पत्रक दर ऑगस्टात फिरत फिरत आमच्याही गावापर्यंत पोचतं. दुसरं कारण रुळांपलीकडच्या जमिनीत आहे, ते शेवटी सांगतो.

आधी झाड. ते आलं कसं, असं आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, एकच उत्तर मिळेल: अमेरिकेच्या गव्हातून. पीएल-४८० चा तो लाल गहू रेशनवर यायचा, त्यात बी होतं. राज्य काँग्रेसचं, म्हणून नाव काँग्रेस गवत. दुसरी एक व्युत्पत्ती अशी की माळावर ते फुललं म्हणजे पांढऱ्या टोप्यांची सभा भरल्यासारखी दिसते. गोष्ट झकास आहे, फक्त तारखा तिला साथ देत नाहीत. अमेरिकेचा पीएल-४८० कायदा १९५४ चा आणि भारताचा त्याखालचा पहिला करार १९५६ चा. पुण्यात प्राध्यापक परांजपे यांना हे झाड उकिरड्यावर दिसलं ते १९५१ मध्ये. वनस्पती सर्वेक्षणाचे आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात 'भारतातली नवी नोंद' म्हणून ते छापलं १९५६ मध्ये. त्याही मागे जायचं तर रॉक्सबरोच्या १८१४ च्या कलकत्त्याच्या यादीत हे नाव सापडतं. म्हणजे चांदणी गव्हाच्या जहाजांची वाट बघत बसली नव्हती. जहाजांनी तिला गावोगाव वाटून दिलं असेल, एवढंच. पण लोकांच्या तोंडी जी गोष्ट बसली, तिच्यात एक अचूक शहाणपण आहे: परकं बी मालातून येतं. पुढं संस्थेला याच शहाणपणाची गरज पडायची होती.

झाडाचा हिशोब साधा. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं. बी इतकं हलकं की वारा, पाणी, ट्रकचं टायर, ढोरांचे खूर, काहीही चालतं. ओल असली तर वर्षात तीन-चार पिढ्या. मुळांतून आणि पानांतून पार्थेनिन नावाचं द्रव्य सुटतं, ते शेजारच्या रोपाला वर येऊ देत नाही. ढोरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि उपाशीपोटी लावलंच तर दूध कडवट होतं. माणसाला त्याचा त्रास पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो पुण्यातच. चेहरा, मान, कोपरांच्या खोबणी इथं उठणारं आणि थंडीत जरा कमी होऊन पावसात पुन्हा पेटणारं इसब घेऊन रोगी येऊ लागले. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ लोणकर यांनी त्याचा संबंध या झाडाशी जोडला; मिचेल आणि कॅल्नन यांच्याबरोबरचा त्यांचा १९७४ चा निबंध आजही जगभर दाखल्याला घेतात. शिंका आणि दमा वेगळेच.

आमच्यासारख्या कापसाच्या मुलखात त्रासाची आणखी एक पायरी आहे, ती पुणेकरांना ठाऊक नसणार. २००६ ते २००८ च्या दरम्यान पऱ्हाटीवर पिठ्या ढेकूण आला. झाडाच्या शेंड्यावर कुणी पीठ भुरभुरल्यासारखं दिसायचं आणि आठवड्यात झाड वाळायचं. हा ढेकूणही मूळचा अमेरिकेचा. कापूस वेचून पऱ्हाट्या उपटल्या की हा मरायला हवा होता. मेला नाही, कारण धुऱ्यावरच्या गाजर गवतावर जाऊन बसला आणि पुढच्या हंगामात परत वावरात उतरला. एका पाहुण्यानं दुसऱ्याला घर दिलं. सूर्यफुलाच्या आणि भुईमुगाच्या एका विषाणूचंही तसंच: कर्नाटक-आंध्रात तो या गवतात लपतो, गवताला काही होत नाही, फुलकिडे तो परागांबरोबर पिकात नेतात.

आता संस्था. १९७८ मध्ये तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, अमेरिकेच्या शेती खात्याच्या मदतीनं. (गवत तिकडचं, मदतही तिकडची; असू द्या.) त्यातून एप्रिल १९८९ मध्ये जबलपूरला राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र उभं राहिलं. २००९ मध्ये केंद्राचं संचालनालय झालं, २०१४ मध्ये नाव पुन्हा बदललं. नावांच्या या बदल्या पाट्या रंगवणाऱ्यांच्या कामाच्या, आपण पुढं जाऊ. लक्षात ठेवायचं ते इतकंच की अळीला, बुरशीला, उंदरालाही देशात संशोधनाची जुनी परंपरा होती. तणाला मात्र 'बाया निंदून घेतील' याच्या पलीकडे कुणी विचारत नव्हतं. तण हा बायांच्या मजुरीचा विषय होता, शास्त्राचा नव्हे. जबलपूरनं तो शास्त्राचा केला, हे तिचं पहिलं देणं.

सुरुवातीची वर्षं तणनाशकांची होती. पडीक जागेवर ग्लायफोसेट, मेट्रिब्युझिन. स्वस्तात हवं तर पंधरा-वीस टक्के मिठाचं पाणी. हे उपाय कागदावर चोख आहेत. पण पांदणीवर, नाल्याकाठी, शाळेच्या मागे, म्हणजे जिथं गवत खरं माजतं तिथं औषध मारायला खिशातून पैसे कोण घालणार? वावर कास्तकाराचं, ते तो डवरून-निंदून साफ ठेवतो. धुरा दोघांचा. पांदण सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. चांदणीनं राहायला नेमकी तीच जागा निवडली. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडे पंप पाठीवर घेण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. पिकासाठी नाइलाज असतो. धुऱ्यासाठी कोण मरायला जातो?

मग भुंगा. त्याची गोष्ट जबलपूरच्या आधीची आहे. १९८३ मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगा आणला, तपासण्या केल्या आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडला. तो फक्त हे गवत खातो, असा त्याचा परवाना. मी पहिल्यांदा हा भुंगा पाहिला तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी कपाळावरची टिकली उडून आली. तुरीच्या दाण्याएवढा, पाठ बेसनाच्या रंगाची, तीवर तपकिरी उभ्या वेड्यावाकड्या रेघा. पान उलटं करून बघितलं तर खाली पिवळसर अंडी, एकेक सुटी. अळी शेंड्यात शिरते आणि कोवळं ते सगळं संपवते. आठ-दहा दिवसांत झाडाचा नुसता सांगाडा उरतो, फुलं येण्याची ऐपतच राहत नाही. पोसलेली अळी झाडावरून उतरून मातीत शिरते आणि तिथंच कोष करते.

१९९१ च्या सुमारास घोटाळा झाला. कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हा भुंगा खाताना सापडला आणि बोंबाबोंब उठली. एक परकं झाड मारायला दुसरा परका किडा आणला आणि तो आता पीक खातो आहे, असं म्हटल्यावर कोण ऐकून घेणार? केंद्र सरकारनं चौकशी समिती नेमली, भुंगे सोडणं थांबलं. उकल झाली ती मोठी गमतीची: सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे पराग उडून बसत होते आणि भुंगा त्या वासानं पानाला तोंड लावत होता. १९९९ मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आलं. या सात-आठ वर्षांत गवत कुठल्या कुठं गेलं, हे सांगायला नको.

त्यानंतरचं काम जबलपूरचं. संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ सुशील कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भुंगा मध्य भारतात रुजवला. पावसाळ्यात भुंगे वाढवायचे, छिद्रांच्या डब्यांत भरायचे, मागेल त्याला द्यायचे. एका जागी पाचशे-हजार सोडा, पुढं ते त्यांचं बघतात. भुंग्याची एक खोड मात्र संस्थेलाही मोडता आली नाही. पाऊस सरला की तो मातीत जाऊन झोपतो, थेट पुढच्या मृगापर्यंत. उन्हाळ्यात नालीच्या ओलीवर, हापशाच्या सांडपाण्यावर चांदणी फुलतच राहते आणि तिला खाणारा जमिनीत घोरत असतो. जागा होतो, पोरंबाळं वाढवतो, तोवर श्रावण उजाडतो आणि झाडांची पहिली फळी बी टाकून मोकळी झालेली असते. म्हणून 'भुंगा आला, गवत गेलं' असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि हाताला काम सोडू नका.

हाताच्या कामासाठीच संस्थेनं सप्ताह काढला. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट, गाजर गवत जागृती सप्ताह. जबलपूरचं पत्र देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांना, विद्यापीठांना, शाळा-कॉलेजांना जातं. आपल्या जिल्ह्याचं केंद्र वर्ध्याहून देवळीकडे जाताना सेलसुऱ्याला आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. भित्तिपत्रकं, प्रभातफेरी, घोषणा, भाषण, फोटो. सरकारी संस्थेला एका झाडाबद्दल शाळकरी पोरांशी बोलावंसं वाटलं आणि ते तिनं वर्षानुवर्षं सोडलं नाही, याचं मला खरंच कौतुक आहे. संशोधन संस्था सहसा निबंध छापतात आणि दार लावून घेतात.

पण एक सप्ताह मी जवळून पाहिला आहे. शाळेचं नाव नको. पावसानं उघडीप दिली होती, पोरं रांगेनं पटांगणामागच्या माळावर गेली, पाहुण्यांनी पहिलं झाड उपटलं, फोटो निघाला. झाड कमरेइतकं, डोक्यापासून पांढरं फुललेलं. पोरांनी उघड्या हातांनी उपटून, त्याच्या तलवारी करून, लढाया खेळत ती ढिगावर आणून टाकली. ढीग तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी चार-पाच पोरांच्या हातांवर पुरळ होतं आणि पुढच्या वर्षी, जिथं गवत कधी नव्हतं त्या पटांगणात, ढिगापासून शाळेच्या दारापर्यंत चांदण्यांची सरळ वाट उगवली होती. पोरांनी बी पेरलं होतं. पत्रकात सगळं लिहिलेलं असतं: फुलं येण्याआधी उपटा, हातात मोजे घाला, तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब खड्ड्यात शेणाबरोबर थर देऊन कुजवा, चार-पाच महिन्यांत खत होतं. पण पत्रक फळ्याशेजारी टाचलेलं होतं आणि पोरं माळावर होती.

खरी अडचण तारखेची आहे. आमच्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पडतो, त्याच आठवड्यात चांदणी उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलते. १६ ऑगस्टला विदर्भात तिचं लग्न लागून वरात परत आलेली असते. सप्ताह देशाचा असल्यानं एक तारीख धरावी लागते, उत्तरेकडे पाऊस उशिरा पोचतो, ऑगस्टात माती ओली म्हणून झाड मुळासकट निघतं, हे संस्थेचं म्हणणं मला पटतं. पण पत्र जबलपूरचं असलं तरी पांदण आपली आहे. वर्धा जिल्ह्यानं आपला सप्ताह आषाढीच्या आगेमागे धरला तर जबलपूरहून कुणी रागवायला येणार नाही. ऑगस्टची फेरी हवी तर पोळ्याला जोडा. सिंदीचा तान्हा पोळा शंभराहून जास्त वर्षांचा. घराघरांतून जपलेले मोठमोठे लाकडी बैल ओढत पोरं बाहेर पडतात, बघायला गावंच्या गावं लोटतात. तेवढी माणसं कुठल्या कार्यशाळेला जमणार?

संस्थेच्या वाटचालीतलं सगळ्यात मोलाचं पान लोकांना ठाऊकच नाही, आणि त्यात भुंगा नाही की फेरी नाही. २००६-०७ मध्ये देशात गहू कमी पडला आणि लाखो टन बाहेरून आणला. आलेल्या गव्हात परक्या तणांच्या बिया सापडल्या, भारतात जी उगवतच नाहीत अशा तणांच्या. अँब्रोशिया ट्रायफिडा, सेंक्रस ट्रिब्युलॉइडिस, सोलॅनम कॅरोलिनेन्स, सायनोग्लॉसम ऑफिसिनेल, व्हायोला अर्व्हेन्सिस. नावं अवघड आहेत; त्यातली अँब्रोशिया चांदणीची लांबची बहीण आणि तिच्या परागानं अमेरिकेत अर्धा गाव शिंकतो, एवढं धरून चाला. गहू तोवर गोदामांतून रेशनच्या दुकानांपर्यंत गेला होता. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, जशीच्या तशी, फक्त या वेळी कुणीतरी जागं होतं. २००८ पासून जबलपूरनं राज्याराज्यांतल्या विद्यापीठांना जोडून राष्ट्रीय परकीय तण टेहळणी सुरू केली. माणसं नेमली, त्यांच्या हातात या पाच झाडांची चित्रं दिली आणि गव्हाची वाट जिथून जिथून गेली तिथं जाऊन बघायला सांगितलं: उगवलंय का काही?

उगवलेलं न सापडणं हेच ज्या कामाचं यश, त्याचा फोटो निघत नाही. वर्षानुवर्षं गोदामाच्या मागं हिंडून 'काही नाही' असं लिहिणाऱ्या त्या टेहळ्यांना मी या संस्थेचे खरे शिपाई समजतो.

अशी टेहळणी जगात सगळ्यात कडक कुठं असेल तर ती प्रशांत महासागरातल्या बेटांवर. आपला देश एवढा अजस्र, की एक तण आलं तर आलं. बेटाला तेवढी सवलत नसते. ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या मालातून एक तपकिरी साप उतरला आणि त्यानं रानातली जवळजवळ सगळी पाखरं संपवली. संयुक्त राष्ट्रांच्या साथीनं चालणाऱ्या जैवविविधता मंचाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे, परक्या जीवांमुळे ज्या जाती पृथ्वीवरून गेल्या त्यांतल्या दहांतल्या नऊ बेटांवरच्या. आणि या यादीत आपलीही माणसं आहेत बरं. हवाईत उसातले उंदीर मारायला १८८३ मध्ये मुंगूस नेलं. ते जमैकाहून गेलं, पण जमैकाला १८७२ मध्ये पोचलं होतं कलकत्त्याहून. उंदीर रात्री हिंडतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ फार पडली नाही आणि मुंगसानं जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी खाल्ली. आपली साळुंकी तिथं १८६५ मध्ये अळ्या खायला म्हणून नेली. आपल्या आंगणात साळुंक्यांची जोडी दिसली तर शुभ. तिथं तिचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. कापसाच्या गुलाबी बोंडअळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ च्या आसपास भडोचच्या कापसावरून झालं, पुढं ती सरकीतून इजिप्तला आणि तिथून अमेरिकेला गेली. आपण फक्त घेतो असं नाही, पाठवतोही.

या बेटांनी एक उपकारही केला आहे आणि त्याचा धागा जबलपूरला येऊन मिळतो. न्यू गिनीच्या सेपिक नदीवर साल्विनिया नावाच्या तरंगत्या नेच्यानं इतका जाड थर धरला होता की होड्या चालेनात, मासे मिळेनात, माणसं गावं सोडू लागली. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी ब्राझीलचा एक इवलासा सोंड्या भुंगा शोधला. १९८२ नंतर तीन-चार वर्षांत सेपिक मोकळी झाली. त्यात अर्धा वाटा गावकऱ्यांचा, भुंग्यांनी पोखरलेला नेचा पोत्यांत भरून तेच होडीनं पुढच्या डोहात नेऊन टाकत. हाच भुंगा ऑस्ट्रेलियाहून केरळात आला. आणि अलीकडे मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या पडुआ गावच्या वीस हेक्टरांच्या तळ्यात हा नेचा पसरला, तेव्हा जबलपूरच्या मंडळींनी केरळातून भुंगे आणून सोडले. दीड वर्षात तळं उघडं झालं. मग बैतूलच्या सारणीचा जलाशय, तो तर आपल्या अमरावतीच्या हद्दीपासून फार लांब नाही. तिथं लोक या नेच्याला 'चायनीज झालर' म्हणत. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, सेपिक, केरळ, कटनी. दोनेक मिलिमीटरच्या किड्याचा प्रवास मोठमोठ्या माणसांच्या चरित्राला लाजवेल.

बेटांवरचं जागेपण कसं असतं ते आपल्याकडच्या आईबापांना विचारा, ज्यांची मुलं ऑकलंडला आहेत. उतरण्याआधी फॉर्म भरावा लागतो: बी आणलंय? मध? लाकडी वस्तू? बुटाला माती? न सांगता काही निघालं तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड. बुटाचे तळवे घासून देतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला अपमान वाटतो. परत आल्यावर तोच माणूस चारचौघांत ती गोष्ट रंगवून सांगतो. जागृती म्हणतात ती हीच: सप्ताह नाही, घोषणा नाही, पण आयुष्यभर लक्षात राहतं की बुटाची माती ही कुणाची तरी काळजी असते.

आता रुळांपलीकडची जमीन. २०१७ मध्ये सिंदीला ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं, मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराचं. साडेतीनशे एकरांच्या आसपासची जागा. समुद्र इथून शेकडो मैल, पण कंटेनर न उघडता इथपर्यंत यावा आणि इथं उघडावा, ही त्यामागची कल्पना. रोजगार येईल, रस्ते झाले आहेत, जमिनीचे भाव विचारू नका. मी विरोधात नाही. मला फक्त एवढं दिसतं की ज्या दिवशी सिंदीत कंटेनरचं दार उघडेल, त्या दिवशी देशाची एक सीमा आमच्या गावातून जाईल. मालासोबतच्या वनस्पतींच्या तपासणीचा देशात कायदा आहे, १९१४ पासून. सध्याचा आदेश २००३ चा. अधिकारी मालाचे कागद पाहतील, धान्याचे नमुने घेतील. लाकडी फळीच्या फटीत अडकलेलं, कंटेनरच्या बुडाला चिखलात चिकटलेलं बी ते कुठवर शोधतील? ते पडेल मालधक्क्याच्या कडेला, रुळांच्या खडीत, आणि पहिल्या पावसात कुणाच्या तरी नजरेला पडेल. ती नजर ढोरं चारणाऱ्याची असेल, नाहीतर शाळेतून घरी जाणाऱ्या पोरीची.

म्हणून सेलसुऱ्याला आणि जबलपूरला माझं मागणं असं आहे की त्या पाच झाडांची चित्रं आता सिंदीच्या शाळांच्या भिंतीवर लावा. चांदणी सगळ्यांना ओळखता येते. जी अजून आलेली नाही ती ओळखता यायला हवी.

आणि गावाला एक सांगणं, तेही जबलपूरच्याच पत्रकातलं. गाजर गवत उपटून मोकळी झालेली जागा मोकळी ठेवू नका, तिथं 'चकौडा' पेरा, असं त्यात हिंदीत लिहिलेलं असतं. चकौडा म्हणजे आपला तरोटा, हे मला बरीच वर्षं कळलंच नव्हतं. पहिल्या पावसात तोही चांदणीबरोबरच उगवतो आणि दाट आला तर तिला वर येऊ देत नाही. (तरोटा मूळचा इथला की तोही पाहुणा, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ भांडतात. भांडू द्या. त्याची भाजी होते.) तर यंदा मृगात भाजी खुडाल तेव्हा शेंडे खुडा, झाड उपटू नका. दिवाळीनंतर शेंगा वाळतील, पूर्व विदर्भात व्यापारी हेच बी किलोनं विकत घेतात; तुम्ही पोतडीभर घरी ठेवा आणि पुढच्या पावसाआधी पांदणीच्या दोन्ही कडांना फेका. मालधक्क्याकडे कधी न पाहिलेलं झाड दिसलं, तर उपटण्याआधी त्याचा फोटो काढून सेलसुऱ्याला पाठवा.